छातीचा जुना फोटो

माझे धाकटे चुलते, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणायचो, गुडघे दाखवायला बारामतीला आले आणि डॉक्टरांनी त्यांना छातीचा फोटो काढायला पाठवले. आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात.

"गुडघं दुखत्यात आन् फोटो छातीचा," बाहेर येऊन ते मला म्हणाले. "तुझा डॉक्टर कान दुखला तर पायाला पट्टी बांधत आसंल."

'तुझा डॉक्टर' असे ते म्हणाले, कारण तिथे त्यांना मीच नेले होते. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मी पुण्याच्या एका दैनिकाचा बारामतीतला वार्ताहर होतो. बारामती आणि इंदापूर असे दोन तालुके माझ्याकडे होते. तात्यांची वस्ती या दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर होती. आजोबांपर्यंत आमच्या घरात मेंढरे होती. तात्यांनी लहानपणी ती राखली, पुढे कालव्याचे पाणी आले, मेंढरे विकली गेली आणि त्या जागी डाळिंबाची बाग उभी राहिली.

त्या वर्षी पावसाळ्यापासून त्यांचे गुडघे आणि घोटे दुखत होते. सकाळी उठल्यावर जमिनीवर पाय ठेवायला त्यांना भिंतीचा आधार लागे. इंदापुरात वाताची औषधे झाली, तेल झाले, शेकून झाले. बारामतीच्या डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले, घोट्यांची सूज पाहिली आणि मग तात्यांचे दोन्ही हात पुढ्यात घेऊन बोटांची टोके निरखली. टोके फुगीर झाली होती. नखे घड्याळाच्या काचेसारखी गोल वळली होती. रोज त्याच हातांनी डाळिंब तोडणाऱ्या माणसाच्या हे लक्षात आलेले नव्हते, आणि आमच्याही. बोटे अशी दिसली की छाती पाहावी लागते, एवढेच डॉक्टर म्हणाले.

फोटोत उजव्या फुप्फुसाच्या तळाशी एक पांढरा गोळा होता. कडा स्वच्छ, आकार मोसंबीएवढा. खोकला नव्हता, ताप नव्हता, वजन उतरलेले नव्हते. तात्या बिडी ओढत नसत.

पुढचे दोन आठवडे पुण्यात गेले. स्कॅन झाला. पाठीतून सुई घालून गाठीचा तुकडा काढला, तो तपासला. सर्जन पन्नाशीचे, कमी बोलणारे होते. त्यांनी जे सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले, त्यामुळे ते बरेचसे त्यांच्याच शब्दांत देता येते. गाठ फुप्फुसाच्या आत नसून त्याच्या पातळ आवरणावर वाढलेली दिसते. असा प्रकार दुर्मिळ आहे. त्यांनी स्वतः अशा मोजक्याच गाठी पाहिल्या आहेत. यातल्या बहुतेक साध्या असतात, म्हणजे कॅन्सर नसतात. पण काही गाठी काही वर्षांनी स्वभाव बदलतात, आणि कोणती बदलेल हे आधी सांगता येत नाही. सुईला लागलेला तुकडा साधा आहे. पण तुकडा म्हणजे पूर्ण गाठ नव्हे. शिवाय बाहेरून अशीच दिसणारी गाठ पहिल्या दिवसापासून कॅन्सरची असू शकते. काढून टाकणे योग्य. त्यासाठी छाती उघडावी लागेल.

तात्यांनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "उघडून बघून परत शिवणार न्हाय ना?"

हा प्रश्न कुठून आला ते मला ठाऊक होते. माझे वडील, तात्यांचे थोरले भाऊ, चार वर्षांपूर्वी पोटाच्या कॅन्सरने गेले होते. त्यांचे पोट पुण्यातच उघडले, आत पसरलेले पाहिले आणि तसेच शिवले. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर तात्या बसलेले होते. वडील त्यानंतर घरी आले ते खाटेवरच राहिले. उघडले नसते तर दादा आणखी काही महिने आपल्या पायांनी फिरला असता, असे तात्यांचे मत होते आणि ते कुणाच्या सांगण्याने बदलणारे नव्हते.

सर्जन म्हणाले, "तशी वेळ येणारच नाही असं मी लिहून देऊ शकत नाही."

"मग ही कवाची हाय, ते तरी सांगा."

"ते या फोटोवरून नाही सांगता येणार. जुना फोटो असेल तर सांगता येईल. पाच-सहा वर्षांपूर्वी ही तिथे असेल, तर ती सावकाश वाढणारी आहे. कॅन्सर इतकी वर्षं थांबत नाही. तेव्हा काहीच नसेल आणि आता एवढी झाली असेल, तर मलाही काळजी वाटेल."

तात्यांनी थोडा विचार केला. "जुनी निघाली तर कापा," ते म्हणाले. "नवी निघाली तर मला घरी जाऊ द्या. बाग तोडणीला आलीया."

सर्जननी समजावून पाहिले, मीही पाहिले. उपयोग झाला नाही.

जुना फोटो होता. सहा वर्षांपूर्वी इंदापूरजवळ सोलापूर रस्त्यावर तात्या मोपेडवरून पडले होते आणि उजव्या बाजूच्या तीन बरगड्यांना तडे गेले होते. तेव्हा इंदापुरात छातीचा मोठा फोटो काढला होता. सगळ्यांचे लक्ष बरगड्यांवर होते. छातीला पट्टा बांधला गेला, बरगड्या भरून आल्या आणि फोटो पाकिटातून घरी आला. फोटो रुग्णानेच सांभाळायचा, ही आपल्याकडची पद्धत.

वस्तीवर पोहोचताच मी काकूंना विचारले.

"त्यो काळा कागद?" काकू म्हणाल्या. "त्याचा छापा केला की."

"छापा?"

"पेट्यांचा. मग काय टरंकेत ठेवून पुजायचा व्हता?"

याचा थोडा खुलासा करायला हवा. डाळिंबाच्या लाकडी पेट्या बाजारात गेल्या की कोणाची पेटी कोणती हे कळावे म्हणून प्रत्येक बागायतदार पेटीवर आपली खूण रंगवतो. खुणेच्या आकाराचे भोक पाडलेला छापा पेटीवर ठेवायचा आणि वरून रंगाचा बोळा फिरवायचा. पुठ्ठ्याचा छापा दोन दिवसांत भिजून मऊ पडतो. पत्र्याचा कापायला कठीण, आणि त्याची कड हाताला लागते. एक्स-रेची फिल्म मात्र फाटत नाही, रंग पीत नाही, कात्रीने कापली जाते. इंदापुरात एसटी स्टँडमागे एक पेंटर होता, तो गिऱ्हाइकाला फिल्म घेऊनच यायला सांगे. त्यामुळे आमच्या भागात ज्याच्या घरात बाग आणि ज्याचे कधी हाड मोडले, त्याच्या पेट्या त्याच्याच हाडांतून रंगवल्या जात. मी या बाजारावर कितीतरी बातम्या दिल्या होत्या. ही गोष्ट मला माहीत नव्हती.

तात्यांची खूण पानासारखी होती, त्याच्या कडेला एक तिरपा काप. आजोबा कोकराच्या कानाला हाच काप देत, म्हणजे कळप मिसळले तरी आपले जनावर ओळखू येई. मेंढरे गेली तरी खूण राहिली. दलाल तिला 'कानवाली पेटी' म्हणत.

बागेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये तेव्हा पेट्या भरणे चालू होते. पाच-सहा बाया डाळिंबे निवडत होत्या आणि एक रंगाचा बोळा फिरवत होती. काकूंनी तिच्या हातातून छापा घेतला. मी तो कापडाने पुसून उन्हाकडे धरला. निळ्या रंगाच्या डागांमागे बरगड्या दिसल्या.

"अगं बया," बोळावाली म्हणाली, "म्हंजी इतकी वर्सं मी तात्यांच्या छातीवरनं हात फिरीवतीया!"

शेडमध्ये हशा झाला. तात्या पेटीवर बसले होते, तेही हसले. "मला वाटलंच, गुदगुल्या का व्हत्यात ते."

"गपा गं," काकू म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या. "दिसतंय का काय?"

दिसत होते, पण नको ते. फिल्मवर हृदयाची मोठी सावली होती. म्हणजे ही डावी बाजू. पेंटरने फिल्म उभी मधोमध कापून दोन छापे केले होते.

"दुसरा कुठं आहे?"

काकूंनी पदर खोचला. "सुप्याला. माझ्या भावाला दिला. त्याला सीताफळाच्या पेट्यांना पायजे व्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटारसायकल काढली. काकू मागे बसल्या. त्या सोबत नसल्या तर त्यांच्या भावाला माझे म्हणणे पटणार नाही आणि पटले तरी वस्तू सापडणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मोरगाव मागे पडल्यावर हिरवी शेते संपली, ज्वारीची उभी ताटे आणि मोकळे माळ सुरू झाले. वाटेत काकू एकदाच बोलल्या. "नवी निघाली तर खरंच घरी आणायचं का रे त्यांना?" मी म्हणालो, आधी फोटो सापडू दे. त्यावर त्या म्हणाल्या, "तुला इच्यारलं त्याचं उत्तर दे."

सुप्यात काकूंचे भाऊ गोठ्यापाशी भेटले. सीताफळाचा हंगाम संपून महिना झाला होता.

"दाजींचा फोटो? हितंच कुठंतरी हाय," ते म्हणाले आणि पोत्यांच्या थप्पीमागून हिरव्या रंगाने लडबडलेला एक तुकडा ओढून काढला. रंगाचा थर इतका जाड होता की आरपार काहीच दिसत नव्हते. त्यांनी लगेच खुंटीवरचा विळा घेतला आणि खरवडायला बसले.

"आरं ठेव त्यो विळा!" काकू ओरडल्या. "दाजी हायती त्ये!"

त्यांनी विळा ठेवला. काकूंनी रॉकेल मागितले, जुने धोतर मागितले आणि फिल्म मांडीवर घेऊन कडेपासून पुसायला सुरुवात केली. बोटभर जागा पुसायची, थांबायचे, उजेडाकडे धरायचे, पुन्हा पुसायचे. भाऊ म्हणाले, "आक्के, रंग निघंल, पण आतलं चित्तर निघालं तर?" काकूंनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. सुमारे पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात भावजयीने दोनदा चहा आणला, दोनदा निवला.

भावाच्या पेटीवरची खूण चांदणीची होती. ती पेंटरने फिल्मच्या मधोमध, थोडी खाली कापली होती. मी फिल्म उन्हात धरली. तीन बरगड्यांवर तीन बारीक तिरप्या रेघा होत्या, म्हणजे मोपेडवरून पडलेले तात्या हेच. त्यांच्या खाली चांदणीचे भोक होते, आणि भोकाच्या खालच्या टोकांमधून एक पांढरी कमान डोकावत होती. गोळ्याचा वरचा भाग चांदणीबरोबर कापला गेला होता. खालचा अर्धा शाबूत होता.

मी काकूंना दाखवले. त्यांनी बोट त्या कमानीजवळ नेले, पण टेकवले नाही. "म्हंजी तवा पन व्हती."

"होती."

त्या गोठ्याच्या दगडावर बसल्या आणि निवलेला चहा पिऊन टाकला.

वस्तीवर येऊन मी दोन्ही तुकडे जोडून पाहिले. कापलेल्या कडा जुळल्या. एका तुकड्यावर भरवसा ठेवणे मला बरे वाटत नव्हते.

पुण्यात सर्जननी दोन्ही तुकडे दिव्याच्या पाटीवर लावले. ते हसले नाहीत. कुठला रंग वापरता, एवढे विचारले, आणि तात्यांनी कंपनीसकट सांगितले. मग त्यांनी उरलेल्या कमानीवर पातळ कागद ठेवला, ती गिरवली आणि कंपासने तिचे पूर्ण वर्तुळ केले. नव्या फोटोतल्या गाठीशेजारी ते वर्तुळ धरले. आताच्या गाठीचा व्यास त्याच्या सुमारे दुप्पट होता. तेव्हा लिंबू, आता मोसंबी.

"म्हंजी जुनी," तात्या म्हणाले.

"जुनी. आणि वाढती. दोन्ही." सर्जननी कंपास मिटला. "सहा वर्षांत एवढीच वाढली, म्हणून मला ती साधी वाटते. पण वाढते आहे, म्हणून ती आत ठेवायची माझी तयारी नाही. अशी गाठ जितकी मोठी होत जाईल, तितका तिचा स्वभाव बदलायचा धोका वाढतो."

"ठरलं ते ठरलं," तात्या म्हणाले. "कापा. पन मला एक सांगा, हितं येऊन पडलो तर बाग कोनी तोडायची?"

"मी," काकू म्हणाल्या. "आन् तुमच्यापरीस बरी तोडंन."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. साडेतीन तास लागले. तात्यांनी मला ज्या बाकाबद्दल अनेकदा सांगितले होते, तसल्याच बाकावर मी बसलो होतो. इमारत दुसरी होती, बाक तसाच लाकडी होता. सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात स्टीलची ताटली होती. गाठ करड्या-पांढऱ्या रंगाची, घट्ट, गुळगुळीत होती. एका बाजूला करंगळीएवढा देठ होता. तेवढ्या देठावर ती फुप्फुसाच्या आवरणाला लटकली होती. देठ, त्याच्या बुडाचे आवरण आणि भोवतीचा फुप्फुसाचा छोटा भाग त्यांनी काढला होता. बाकी छाती स्वच्छ होती.

शुद्धीवर आल्यावर तात्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "शिवली का काढली?"

"काढली."

"समदी?"

"देठासकट."

त्यांनी डोळे मिटले.

पुढे जे झाले त्याची अपेक्षा आमच्यापैकी कोणालाच नव्हती. पाचव्या दिवशी परिचारिकेने त्यांना उठवले आणि ते भिंतीचा आधार न घेता उभे राहिले. टाके दुखत होते म्हणून एक हात छातीवर धरला होता, पण पाय सरळ होते. संडासापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. "गुडघं कुठं गेलं?" ते मला म्हणाले. घोट्यांची सूज उतरली होती. सर्जननी सांगितले की अशा काही गाठी शरीरभर असा त्रास देतात आणि गाठ गेली की तो जातो; बोटेही काही महिन्यांत बरीचशी पहिल्यासारखी होतील. तात्यांना यात बारामतीच्या डॉक्टरांचे म्हणणे खरे ठरल्याचे अधिक नवल वाटले. "त्यानं गुडघं बघून छाती वळखली," ते वॉर्डातल्या प्रत्येकाला सांगू लागले. आधीचा विनोद त्यांनी मागे घेतला.

दहाव्या दिवशी गाठीचा अहवाल आला. गाठ साधी होती. मात्र एका कोपऱ्यात पेशी इतर भागापेक्षा जास्त वेगाने वाढताना दिसत होत्या. त्याला कॅन्सर म्हणता येत नव्हते, पण दुर्लक्ष करण्यासारखेही ते नव्हते. कापलेल्या कडांपर्यंत काही पोहोचलेले नव्हते.

"मग हिला साधी म्हनायचं का कसं?" तात्यांनी विचारले.

"साधी," सर्जन म्हणाले. "पण हिच्या घराण्यावर विश्वास ठेवायचा नाही. यांच्यातली एखादी पुष्कळ वर्षांनी त्याच जागी परत येते. दरवर्षी एक फोटो काढायचा. बारामतीत काढला तरी चालेल. परत दिसली तर लहान असतानाच काढू."

तात्यांनी मान हलवली. मला वाटले होते की 'परत येते' या शब्दांवर ते अडतील. ते अडले नाहीत. दादाला जे सांगितले गेले ते कधीच पूर्ण नव्हते, आणि हे पूर्ण आहे, असे त्यांनी घरी येताना गाडीत मला सांगितले. त्यांना तेवढेच हवे होते.

त्या वर्षीची तोडणी काकूंनी केली. माल चांगला गेला. तात्या फेब्रुवारीत बागेत फिरू लागले, उन्हाळ्यात छाटणी त्यांनी स्वतः केली, आणि पावसाळ्यात मी गेलो तेव्हा त्यांनी मला हात पुढे करून बोटे दाखवली. नखे अजून थोडी गोल होती. टोके बारीक झाली होती.

पुढच्या जानेवारीत मी त्यांना बारामतीला फोटोसाठी बोलावले. ते आले, पण घाईत होते. बागेत पेट्या भरणे चालू होते आणि गाडी दुपारी निघणार होती. डॉक्टरांनी नवा फोटो दिव्यावर लावला, शस्त्रक्रियेनंतरचा पहिला फोटो त्याच्या शेजारी लावला आणि दोन्ही नीट पाहिले. उजव्या तळाशी काही नव्हते.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले.

"न्हाय ना काही?"

"काही नाही. आता पुढच्या जानेवारीत."

तात्या उठता उठता थांबले. "डाक्टर, जानेवारीत आमचा तोडा आसतो. फेब्रुवारीत आलो तर चालंल का?"

डॉक्टरांनी तारखांचे कार्ड पुढे ओढले. "चालेल. पण या."

"येतो की. न येऊन जातो कुठं?"

डॉक्टरांनी कार्डावरचा महिना खोडला आणि फेब्रुवारी लिहिले.